चंद्रीपायी घ्यावे लागलेले नाव

चिरंजीव अनंतभाऊजी यांसी वहिनीचे अनेक आशीर्वाद. पुणे मुक्कामी शनिवार पेठेत आम्ही सुखरूप आहोत. (आम्ही म्हणजे मी आणि कुत्रा.) नर्मदेपलीकडच्या पाण्याने तुमचे पोट बिघडले नसावे. तुमच्या वडील बंधूंची प्रकृतीही कळवावी. त्यांच्या पत्रात लोणच्याची चौकशी असते, बाकी काही कळत नाही.

विशेष. वहिनी घरात एकटी, सोबत हवी, म्हणून तुम्ही दोघांनी संभाजी शिलेदाराबरोबर हा शिकारी कुत्रा पाठवलात. उपकार झाले. कुत्रा उंच, पोट पाठीला लागलेले, एरवी इतका गरीब की भिक्षेकऱ्यालाही कोपऱ्यापर्यंत पोचवून येतो. पण मांजर दिसले की त्याच्या लेखी तो ससाच. शेजारच्या तुळजाबाईंची चंद्री त्याने पहिल्याच दिवशी वाळत्या सांडग्यांवरून पिटाळत पारिजातकावर चढवली. हाकेला तो थांबतो, पण आपल्या नावाच्याच. आणि डेऱ्यात त्याला मालकाचेच नाव ठेवायची टवाळी तुमची, हे संभाजीने हसत हसत सांगितले. अहो भाऊजी, मी नवऱ्याचे नाव घेऊ कशी? मोत्या म्हणून पाहिले, वाघ्या म्हणून पाहिले, शेवटी "अहो, ऐकलंत का" असेही म्हणून पाहिले. (तुमच्या बंधूंप्रमाणे यानेही ऐकले नाही.) तुळजाबाई भिंतीवरून बजावतात, "मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागेल हो!" काशीची वाट तुमच्या छावणीवरून जाते का, असे माझ्या मनात आले, खोटे कशाला सांगू?

परवा चैत्रगौरीचे हळदीकुंकू केले. कितीतरी दिवसांनी घरात माणसे आली. तुळजाबाईंच्या मागोमाग चंद्रीही आली, आणि आरास कोसळली, पन्हे लवंडले, चंद्री कोनाड्यात अडकली, तिची शेपटी कुत्र्याच्या तोंडात. "अहो, हाक मारा त्याला!" तुळजाबाई किंचाळल्या. मी तोंड मिटून उभी. कोणीतरी म्हणाले, "उखाण्यात घ्या! उखाण्यात चालतं!" मग काय करते?

चांदीच्या वाटीत खडीसाखरेचे खडे,
........., मांजर सोडा आणि या इकडे.

(कुत्र्याला "सोडा" आणि "या" म्हटले. त्या नावापुढे "ये" म्हणवेना.) त्याने मुकाट्याने शेपटी सोडली आणि माझ्या पायाशी येऊन बसला. बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही पदराने डोळे पुसले. सगळ्यांना वाटले, हसूनच. लग्नात घेतले होते ते नाव, त्यानंतर हे आता. बायका गेल्यावर फार एकटे वाटले, भाऊजी. हल्ली घरात कोणी नसताना मी तो उखाणा उगीचच म्हणते. दर वेळी कुत्राच येतो.

तरी हा कुत्रा इथून न्यावा. आणखी लिहिले तर कागद संपेल, तक्रार संपायची नाही.

ता. क. कुत्रा न्यायला माणूस पाठवू नये. तो कोणा परक्याबरोबर जाणार नाही. ज्यांचे नाव त्याला दिलेत, त्यांनीच न्यायला यावे.

दुसरे ता. क. पत्र तुम्हाला आहे, पण ते जवळ बसले असताना मोठ्याने वाचावे. उखाण्यात नाव भरावे आणि मांजर गाळावे.