एका मापाच्या दोन चोळ्या

चाकण, ९ नोव्हेंबर १९५६

॥ श्री ॥

चि. सौ. दुर्गास नानाचे अ. उ. आ.

भाऊबिजेची चोळी दंडात उसवली, हे तुझं कार्ड वाचून हसलो. शिंप्याला बोल लावू नकोस. तुम्ही दोघी बहिणी जुळ्या, म्हणून हा भाऊ दरवर्षी दोन्ही चोळ्या एकाच मापावर शिवून घेतो. पण तू पिंपरीला कारखान्याच्या वसाहतीत गेलीस. नळाचं पाणी, गिरणीचं पीठ. गजगामिनी होणारच! तीच चोळी महाळुंग्यात आपल्या इंद्रायणीला ढगळ होते. सारा आहारविहाराचा महिमा. गेल्या वर्षी तिच्या सासूबाईंनी मला विचारलं, पाच वर्षं झाली, पाळणा का हलत नाही? मी वैद्यकाचा आधार देऊन सांगितलं, मेद वाढला की गर्भ धरत नाही, पानात बेतानं वाढा. गुण आला बघ! तू तिलाच गुरू कर.

यशवंतरावांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो तेवढा तराजूत घालू नकोस.

तुझा नाना

पिंपरी, १३ नोव्हेंबर

ती. नानांस दुर्गाचे शि. सा. न.

गजगामिनीला पत्र पोचलं. पण आईला आठवा. नदीवरून पाणी आणायची, पहाटे जात्यावर बसायची, तरी दारातून तिरपी होऊन शिरायची. आत्या तशीच, आजीही तशीच. कारखान्याचे डॉक्टर ह्यांना म्हणाले, अंगाची ठेवण आईबापांकडून येते, खाण्याकामानं थोडी कमीजास्त होते. माझ्या अंगावर नळाचं पाणी चढलं असेल, कबूल. पण दिवाळीत इंदूच्या गळ्याची हाडं दिसत होती. तिच्या वाट्याची ठेवण कुठं गेली? एकदा तिच्याकडे जेवायला जा आणि तिच्या पानात काय पडतं ते बघून या.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

दुर्गा

चाकण, २६ नोव्हेंबर

चि. सौ. दुर्गास अ. उ. आ.

आज्ञेप्रमाणे जेवून आलो. विहीणबाईंनी पुरणपोळीचा बेत केला होता. मास्तर, लाजू नका म्हणत तूप ओतत होत्या. इंदूचं पान दिसेना म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तिचा उपास हाय. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादशी. एवढं तप ऋषिपत्न्यांनाही झेपलं नसेल! निघाल्यावर टोपी विसरली म्हणून परत फिरलो, तर आमची तपस्विनी दाराआड उभ्यानं माझ्या उष्ट्या पानातली पोळी खात होती. व्रतभंग पाहिला म्हणून चिडवलं. हसली नाही. पूर्वी हसायची.

काळजी नसावी, ममता असावी.

नाना

पिंपरी, ११ डिसेंबर

ती. नानांस शि. सा. न.

इंदू माझ्याकडे आहे. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी हे जाऊन घेऊन आले. ते उपास तिनं धरले नव्हते, तिच्यावर लादले होते. एरवीही सकाळी अर्धी भाकरी, पुढं पाणी. ह्यांनी जाब विचारला, तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, तुमच्या मास्तर मेव्हण्यानंच पथ्य सांगितलंय, आमी त्यांचा शब्द मोडला न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तिचं मूळचं अंग रोगाचं नव्हतंच म्हणाल्या, ती आईकडून आलेली ठेवण होती. आता मात्र विटाळही येत नाही. मूल न होण्याचं तेव्हा काहीही कारण असेल, आताचं कारण उपासमार.

काल सासरचा निरोप आला. पोरीला परत धाडू नका, सुकलेल्या बाईच्या पोटी काय धरणार? मुलाला दुसरी बघतात. दुसऱ्या लग्नाला कायद्यानं बंदी आहे म्हटल्यावर निरोप्या हसला. मुलगी अंगानं भरलेली हवी, एवढीच त्यांची अट आहे.

पुढल्या वर्षी चोळ्या शिवू नका.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. इंदू शेजारी बसली आहे, ती म्हणते, लिहू नकोस.

दुर्गा