सव्वा फूट कमी

सर, उद्या सकाळी नऊ वाजता आमचं मैदान मोजायला माणसं येणार आहेत आणि मला फार भीती वाटते आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तरी भीती वाटली की मला तुम्हीच आठवता, कारण आयुष्यात मी पहिल्यांदा घाबरलो ते तुम्हालाच.

मी इथे शारजातल्या एका कॉलेजात आहे. कागदावर मैदानाचा माळी. पण बेसबॉल शिकवणारं दुसरं कुणी नाही म्हणून अकरा वर्षं मुलं मला कोच म्हणतात, सातवी नापास माणसाला. शिकवतो ते सगळं तुमचं. तुम्ही गावच्या आपल्या कॉलेजात एकच ग्लोव्ह घेऊन आला होतात. गावातले लोक कुंपणाशी उभे राहून विचारायचे, "सर, हा कसला दांडपट्टा?" तुम्ही हसून म्हणायचात, "आत या, दाखवतो." निवृत्त होईपर्यंत तुम्ही त्याच मैदानावर होतात आणि मी चुन्याची बादली घेऊन तुमच्या मागे.

ती फायनल मी विसरलेलो नाही. आपण पुढे आहोत, पाचवी इनिंग संपली आहे, आणि पिचर जिच्यावर उभा राहून चेंडू टाकतो त्या पट्टीकडे तुम्ही टक लावून बघता आहात. टेप मागवता. पट्टी बॅटरच्या बाजूला चार बोटं पुढे. ती मी बसवली होती. तुम्ही स्वतः पंचाला जाऊन सांगितलंत, सामना पहिल्यापासून खेळवला गेला आणि आपण हरलो. प्रिन्सिपॉल दोन वर्षं तुमच्याशी नीट बोलले नाहीत. संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत. मला वाटलं, नोकरी गेली. तुम्ही म्हणालात, "चुकलास त्याचं काही नाही. तिसऱ्या इनिंगलाच तुझ्या लक्षात आलं होतं. मी तुझं तोंड बघत होतो. गप्प का बसलास?"

मला फूट-इंच नीट वाचता येत नाहीत हे तुम्ही तेव्हाच ओळखलंत. पण चारचौघांत कधी म्हणाला नाहीत. एक सुती दोरी बादलीत भिजवली, दोन दिवस वाळवली, मग स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून मागच्या दारातून धुण्याच्या दगडापर्यंत ताणली. वहिनी पोहे परतत होत्या. "अहो, माझ्या पायात येतंय हे तुमचं," त्या म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "जरा उडी मार, बेस चोरल्यासारखी." बॅटरच्या प्लेटपासून पट्टी जितकी लांब हवी, त्या साठ फूट सहा इंचांवर तुम्ही गाठ मारलीत, तिला लाल चिंधी बांधलीत आणि दोरी माझ्या हातात दिलीत. "टेप चुकेल, ही चुकणार नाही." दुबईला निघालो तेव्हा बॅगेत कपड्यांच्या आधी ती ठेवली होती.

सर, ती दोरी तीन वर्षांपूर्वी तुटली. गवत कापायच्या मशीनमध्ये अडकली. झिजलेला भाग मी कापून टाकला आणि दोन टोकं एकमेकांना बांधली. गाठीत दोरी खर्च होते हे मला कळत होतं. वीतभर गेली असेल असं मनाला सांगितलं. बेस कॉलेजने पक्के बसवले आहेत, पण पिचरची पट्टी दर मोसमात मीच बसवतो, त्या दोरीने.

परवा आमच्या क्रीडा विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "कोच, मोठ्या स्पर्धेत नाव घातलंय. ते लोक मैदान मोजतील. फक्त फॉर्मॅलिटी, हबीबी, टेन्शन नको." काल दुबईत अल कुसैसला राहतो त्या खोलीवर शेजारच्या पलंगावरच्या सुताराला, साठ फूट सहा इंच हवी असं सांगून, दोरी मोजायला लावली. तो चिपळूणकडचा आहे. जिन्यातून खालपर्यंत दोरी सोडून त्याने टेप लावला. "काका, सव्वा फूट कमी आहे," तो म्हणाला. "काय बांधायचं होतं, म्हैस?" आणि हसला. मीही हसलो.

या वयात नोकरी गेली की व्हिसा गेला, खलास. पण ती भीती मला सोसता येते. दुसरी येत नाही. गेल्या मोसमात आमच्या एका मुलाला बॅटिंग करताना चेंडू लागला, डाव्या डोळ्याखाली. बाजूला व्हायला त्याला वेळच मिळाला नाही. आता त्याला त्या डोळ्याने धूसर दिसतं. हॉस्पिटलात त्याच्या आईने मला विचारलं होतं, "मास्टरजी, इतने पास से क्यों फेंकते हैं?" मी म्हटलं, "गेम ऐसाही है, बहनजी." तिने मान डोलावली. मी शिकवणारा, माझ्यावर तिचा विश्वास बसला. सव्वा फुटाने काय होतं, असं मी कालपासून स्वतःला विचारतो आहे. चेंडू कदाचित तसाही लागला असता. कदाचित. तुम्ही असतात तर मी तुम्हाला विचारलं असतं आणि तुम्ही माझं तोंड बघितलं असतं.

आज पहाटे मैदानावर गेलो. सुताराला बरोबर नेलं होतं, टेप त्याने धरला. पट्टी उखडून सव्वा फूट मागे बसवली, जुने खड्डे बुजवले, पाणी मारलं, रोलर फिरवला. उद्या माप बरोबर भरेल. त्या मुलाच्या आईचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. दुपारपासून तीन वेळा काढून बघितला.

हे पत्र तुम्हाला पोचणार असतं तर मी लिहिलं नसतं. एवढंच सांगायचं राहिलं. सकाळी सरावाला आमचा पिचर पट्टीवर उभा राहिला, दोन चेंडू टाकले, दोन्ही बॅटरपर्यंत पोचायच्या आधीच पडले. माझ्याकडे वळून म्हणाला, "कोच, आज दूर लग रहा है." मी म्हटलं, "हवा है, सामने से."

सर, कॉलेजचा झेंडा खांबाला चिकटून होता. वारा अजिबात नव्हता.