ओढ्याचे दोन्ही काठ अमोसला

मी, हेस्टर सॅमवेज, वय एक्याऐंशी, अविवाहित, राहणार विंटरहॅम, डॉर्सेट, गुडघे सोडून बाकी सर्व ठिकाणावर असताना हे स्वखुशीने लिहून ठेवते. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

घर, भांडीकुंडी व कोंबड्या शेजारीण रूबी हॅलेट हिला. मी इस्पितळात असताना तिने कोंबड्या जगवल्या. शिल्लक पैसे प्रार्थनाघराच्या छपराला; पाद्रीबुवांच्या मोटारीला नव्हे.

आता ओढा. वडिलांनी वाटणीत पश्चिम काठ धाकट्या भावाला, अमोसला, पूर्व काठ मला दिला. हद्द पाण्याच्या मधोमध. १९६१ साली मी छातीच्या दुखण्याने इस्पितळात पडले, तेवढ्यात अमोसने यंत्र लावून ओढ्याचे वळण माझ्या कुरणात सरकवले. विचारले तर म्हणतो, "पाणी आहे ताई, उतार दिसेल तिकडे जातं."

"आणि उतारावर चाकांचे वण कुठून आले रे, मेल्या?"

मोजणीदाराने त्याचेच ऐकले. माझे कुरण गेले. जुने पात्र बुजवून अमोसने त्यावर भाड्याचे बंगले उठवले.

ओढा समुद्राला मिळतो ते मुख मात्र माझ्याकडे राहिले. प्रत्येक वादळात समुद्र तिथे गोट्यांचा बांध घालतो. तो फोडला नाही तर पाणी मागे तुंबते आणि थेट जुन्या पात्रात, म्हणजे बंगल्यांत, शिरते. तिथे लोकांची पोरेबाळे झोपतात म्हणून दर हिवाळ्यात मी बर्फासारख्या पाण्यात उभी राहून फावड्याने तो फोडत आले. अमोसला हाक मारली की उत्तर ठरलेले: "ज्याची जमीन त्याचं काम."

सबब पूर्व काठ, मुखासह, मी अमोस सॅमवेज यास देते. वय सत्त्याहत्तर, कंबर धरलेली. भाडेकरूंना माझ्या अंत्यविधीच्या दिवशीच कळवावे की यापुढे बांध कोण फोडणार.

गेल्या रविवारी तो दाराशी आला. "मला काही ठेवलंयस का गं?"

"अख्खा ओढा तुझा."

तो रडला. माझा हात धरून म्हणाला, "ताई, तू मनात काही ठेवलं नाहीस."

ठेवले आहे. मी त्याला क्षमा केलेली नाही, मरतानाही करणार नाही. माझे फावडे रूबीला द्यावे. अमोसने मागितले तर तिने नाही म्हणावे.

हे वाचून, समजून सही केली.
हेस्टर सॅमवेज

आम्हा दोघांदेखत सही झाली. आम्हाला यातून काही मिळत नाही.
जोसाया बार्टलेट, सुतार
एल्सी लेग, टपाल कचेरी

विंटरहॅम, ९ नोव्हेंबर १९७४