वळूचा रकाना

३ जानेवारी
लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नाही. ठरवलं: यंदा विषय शास्त्रीय पद्धतीनं निकालात काढायचा. नळदुर्गच्या जनावरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं कृत्रिम रेतन करतोय. हजारो गायी गाभण केल्या. स्वतःच्या बायकोची अडचण मला कळणार नाही होय!

४ जानेवारी, सकाळी
कारणांची यादी केली. थायरॉईड. पीसीओडी. नळ्या बंद. गर्भाशयात गाठी. एंडोमेट्रिऑसिस (स्पेलिंग तीनदा बघितलं). वय, अर्पिता एकतीसची. एकूण सहा, सगळी तिची. माझ्याकडं कारणच नाही. तंबाखू सोडली तर. आणि ती फेब्रुवारीत सोडणारच आहे.

१२ जानेवारी
सोलापूरला डॉक्टरीणबाईंकडं. मी गायींची उदाहरणं देऊन मुद्दा सोपा करत होतो, तर म्हणाल्या, जरा थांबा, त्यांना बोलू द्या. अर्पिताची पाळी वेळेवर येते, म्हणून पीसीओडीची शक्यता कमी. तरी रक्त, सोनोग्राफी. मग म्हणाल्या, तुमचीही तपासणी करू, साधी असते, नमुना द्यायचा. म्हणालो, अवश्य! जनावरांचं लसीकरण उरकलं की.

१९ जानेवारी
थायरॉईड निघाला! मी म्हटलंच होतं. अर्पिता रोज उपाशीपोटी गोळी घेते. आईला सांगितलं. आई म्हणाली, म्हंजी खोट तिच्यातच हाय की. मी गप्प बसलो. आईला बीपी आहे.

८ फेब्रुवारी
अर्पिताच्या पाळीच्या नोंदी ठेवायला सुरुवात. दवाखान्यातलं रेतनाचं कोरं रजिस्टर घरी आणलं. रकाने छापलेलेच, आखायची कटकट नाही. तंबाखू मार्चपासून बंद.

२२ फेब्रुवारी
नळ्यांचा एक्स-रे. लई दुखलं तिला, माझा हात घट्ट धरला होता. दोन्ही नळ्या मोकळ्या. गाठी नाहीत. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तपासणीचं परत काढलं. म्हणालो, मार्च-एंड होऊ दे. घरी येऊन यादीतली नावं खोडली. थायरॉईड गोळीनं आटोक्यात. मग राहिलं काय? दिवसभर कशातच जीव लागला नाही. तंबाखू दुप्पट झाली, तात्पुरती.

१ मार्च
चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण. अर्पिता ओटी भरायला पुढं झाली, आईनं डोळ्यांनी खुणावून मागं सरकवलं. अर्पिता आत जाऊन पुऱ्या लाटत बसली. परत येताना म्हणाली, तुम्ही बघत होता. म्हणालो, गर्दीत दिसलं नाही.
दिसलं होतं.

९ मार्च, दुपारी
घात झाला. रजिस्टर अर्पिताच्या हाती लागलं. बिल्ला क्रमांक: अर्पिता. मालकाचे नाव: रणधीर. किती वेळा उलटली (म्हणजे गाभण राहिली नाही): ७२. अहो, सवयीनं भरलं! ती ओरडेल वाटलं. ओरडली नाही. 'वळूचा तपशील' या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, ह्यो कोरा कसा? शेजारच्या गुरुलिंग मामांची म्हैस सारखी उलटली तर आधी काय तपासता? म्हणालो, वीर्याची कांडी. तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, मग जावा की सोलापूरला. आता माझं एक थेंब रक्त कुणाला देणार न्हाय.

११ मार्च
उद्या नक्की.

१२ मार्च
अंग कसकसतंय.

१७ मार्च
सोलापूर. लॅबच्या समोर तीन चहा. एक जण आत जाताना ओळखीचा वाटला. परत आलो. ओळखीचा नव्हता.

२५ मार्च
परवा नमुना दिला एकदाचा. आज रिपोर्ट. संख्या कमी, हालचाल त्याहून कमी. अकरा वर्षं हेच आकडे वाचतोय, चुकून दुसऱ्याचा असेल असं म्हणायचीही सोय नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका. तंबाखू बंद, गोळ्या सुरू, तीन महिन्यांनी परत तपासू. घरच्यांनाही खरं सांगा, यांनी फार सोसलंय. गाडीत अर्पिता म्हणाली, आत्यांना (म्हणजे आईला) तुम्हीच सांगायचं. म्हणालो, आजच!
संध्याकाळी आईचं डोकं दुखत होतं.

२६ मार्च, सकाळी
चहा घेताना आईनं विचारलं, काय निघालं? मी म्हणालो, तेच, थायरॉईड.
अर्पिता दारातच उभी होती.
नऊच्या एसटीनं माकणीला गेली, माहेरी. रिपोर्ट आईच्या पोथीवर ठेवून गेली. चिंता नाही, इंग्रजीत आहे.

दुपारी
मागच्या कोऱ्या बाजूला अर्पितानं रिपोर्टचा अर्थ मराठीत लिहिलाय. ठळक अक्षरात. आई चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचत होती. मी समोर बसून ऐकलं.
वाचून झाल्यावर म्हणाली, सा वर्सं म्या त्या लेकरावर तोंड टाकत हुते, अन् तू ऐकत बसलास? म्हणालो, मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, माहीत करून घ्यायचं नव्हतं तुला.
मग लुगडं बदललं, पिशवी घेतली. म्हणाली, जाती म्या, पाया पडून आणती तिला. म्हणालो, थांब, मीपण येतो, चप्पल घालतो.
म्हणाली, तू नगं येऊ. तू दिसलास तर ती यायची न्हाय.