एक लोखंडी चरक, सोबत इसम एक

श्री

मुक्काम उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड, इलाखा निजाम सरकार.
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८३४, गुरुवार. इथल्या कचेरीत विचारलं तर आज अर्दिबेहिश्त महिना आणि सन फसली १३२२. दोन्ही लिहून ठेवतो, म्हणजे जावई कुठल्या काळात हरवला याबद्दल मामांना शंका नको.

चि. सौ. मुक्ता हिला उत्तरेश्वराचे आशीर्वाद. तीर्थरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवतो. मी इथं जिवंत आहे, खाऊनपिऊन आहे. जेऊरला सगळी बरी असतील असं धरून चालतो.

धोंडीराम मास्तर, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधी चार शब्द तुम्हाला. मुक्ताला समोर बसवा. तिचे वडील ओट्यावर असतीलच, त्यांनाही ऐकू जाऊ द्या. पण मध्येच थांबून चष्मा पुसायचा आणि "हं, आता पुढं काय म्हणतात जावईबापू" असं करायचं, ते आज नको. आहे तसं वाचा, काही गाळू नका. अक्षर वेडंवाकडं दिसेल. टाक नवा आहे आणि इथला कागद खरबरीत.

मुक्ता, दीड वर्षात माझी एक ओळ तुला मिळाली नाही, असं मास्तरांनी माघात लिहिलं. मिळाली नाही हे खरं. पण मी लिहिली नाही हे खोटं. ते कसं, ते पुढं सांगतो. आधी इथलं सांगू दे, नाहीतर तू म्हणशील, आला की भांडायलाच बसला.

गेल्याच्या आदल्या वर्षी दसऱ्यानंतर निघालो ते तुला आठवत असेल. करमाळ्याच्या आमच्या दुकानातून उमापूरच्या मोहनरावांनी उसाचा लोखंडी चरक विकत घेतला, आणि तो बसवायला, चालवायला माहीतगार माणूस पाहिजे म्हणून मालकानं मला बरोबर धाडलं. जामखेड सोडलं की पुढं निजामाचा मुलूख. वर आभाळ तेच, बाभळी त्याच, रस्त्यातले खड्डेसुद्धा तेच. पण वाटेवर एक बांबू आडवा टाकलाय, आणि त्याच्या पलीकडं कायदा वेगळा, कागद वेगळा, महिन्यांची नावं वेगळी. नाक्यावरच्या कारकुनानं गाडी तपासली आणि पावतीवर लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंत? त्यानं वाचून दाखवलं, "एक लोखंडी चरक, सोबत इसम एक." मी म्हटलं, इसमाला नाव आहे. तो म्हणाला, "महसूल चरकावर आहे, नावावर नाही."

असा मी या मुलखात आलो, चरकाच्या शेपटाला बांधलेला. पहिले सहा महिने गावात मला कोणी उत्तरेश्वर म्हटलं नाही. चरकवाला म्हणत. पाच यत्ता शिकलेला माणूस मी, पण इथं कचेरीतला प्रत्येक कागद उर्दूत. पाटलाकडच्या शिपायानं कागद पुढं केला की मी अंगठा उठवायचो. मास्तर, तुमचा विद्यार्थी मोगलाईत येऊन अंगठेबहाद्दर झाला.

पण मुक्ता, काम चांगलं आहे. इथं पूर्वी लाकडी चरक होते. रस निम्मा चिपाडात राहायचा आणि चरकाची कुरकुर दोन कोसांवर ऐकू यायची. आपला चरक तीन लाटांचा, म्हणजे तीन लोखंडी रुळांचा, ऊस एका बाजूनं घातला की दुसऱ्या बाजूला कोरडं चिपाड. पहिल्या दिवशी सगळं गाव बघायला लोटलं. गुऱ्हाळावर शहादेव म्हणून जुना गुळव्या आहे, काहिलीत रस आटवून गूळ पाडणारा. तो चिपाड पिळून बघत म्हणाला, "ह्यात मुंगीलाबी काई ठिवलं न्हाई बे तू." ती मला या गावात मिळालेली पहिली शाबासकी.

शनिवार.

परवा तिथवर लिहून थांबलो. हात भरून आला. आता पुढं.

निघताना तू उंबऱ्यावर उभी राहून म्हणालीस, "तुमी बोलावा, मी येते. बोलावल्याबिगर यायची न्हाई." मामा आतून म्हणाले होते, मोगलाईत गेलेला माणूस आणि विहिरीत पडलेला पोहरा, दोघांची वाट बघू नये. ते मी विसरलेलो नाही. राग धरला नाही असंही म्हणत नाही.

मी बोलावलं, मुक्ता. तीनदा बोलावलं. पहिलं पत्र गेल्या वर्षीच्या संक्रांतीला, दुसरं अक्षय्यतृतीयेला, तिसरं या दिवाळीला. तिन्ही परत आली. पाठीवर तांबड्या शाईत लिहिलेलं, "घेणार नाकारतो." पहिलं आलं तेव्हा वाटलं, डाकवाल्याची चूक. दुसरं आलं तेव्हा वाटलं, मामांचं काम. तिसरं आलं त्या दिवशी वाटलं की हे तूच केलंस. माझी अक्कल तेवढीच.

मग माघात मास्तरांचं पत्र आलं. तुम्ही लिहिलंत, "पोर वाट बघते, तुझी ओळ नाही. मामा येत्या अक्षय्यतृतीयेला पंच बसवून काडीमोड घेणार आहेत. पुढं तिचा दुसरीकडं पाट लावतील." मी ते पत्र घेऊन गेवराईच्या डाकमुन्शीकडं गेलो. म्हटलं, हे कसं आलं आणि माझी का गेली नाहीत? त्यानं तुमच्या लिफाफ्यावरचं राजाच्या मुखड्याचं तिकीट दाखवलं, मग माझ्या लिफाफ्यावरचं फारसी अक्षरांचं. म्हणाला, "अरे बाबा, हे टिकट निजामाचं. ते आमच्या हद्दीपुरतं. पुढं इंग्रजाच्या मुलखात ते बिनतिकिटाचं, बैरंग. घेणाऱ्यानं दुप्पट भरायचं, न्हाईतर परत."

इथल्या पोरासोरांना हे ठाऊक आहे. कारण त्यांच्या दोन्ही मुलखांत सोयरिकी आहेत. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. चरकाचा खिळा न् खिळा माहीत असल्याची ऐट, तिकीट काय विचारायचं! इतकी साधी चूक, मुक्ता, आणि तिच्यापायी दीड वर्ष गेलं.

मामा, तुम्हाला एवढंच. डाकवाला दारात "बैरंग" म्हणाला म्हणून तुम्ही पत्रं परत केलीत, की माझं नाव ऐकून परत केलीत, हे मी विचारणार नाही. पहिलं असेल तर चूक माझी. दुसरं असेल तर तुम्ही बाप आहात. मुलगी दाराशी बसून राहिलेली कुठल्या बापाला बघवेल? बीडला इंग्रजाचं डाकघर आहे, हे पत्र मी तिथवर चालत जाऊन, इंग्रजी तिकीट घेऊन टाकणार आहे. यावर कुणाला दुप्पट भरायचं नाही.

रविवार सकाळ.

आता जे लिहायचं ते. गुरुवारपासून त्याच्याभोवती बैलासारखा फिरतोय.

टाक नवा नाही. कागदही बरा आहे. मी डाव्या हातानं लिहितोय.

मास्तर, थांबू नका. वाचा.

तिसरं पत्र परत आलं त्याच दिवशी दुपारी मी चरकावर ऊस घालायला बसलो. ते माझं काम नव्हतं, घालणारा गडी दुसरा होता. त्याला उठवलं आणि मी बसलो, कारण मला काहीतरी दाबून टाकायचं होतं. उसाचं टोक सोडून द्यायचं असतं, लाटा आपोआप ओढून घेतात. हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. मी रागानं ढकलत राहिलो. उसाबरोबर उजवा पंजा आत गेला. शहादेव ओरडत बैलांच्या तोंडापुढं आडवा झाला, बैल मागं सारले, तेव्हा हात सुटला. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

तुझ्यामुळं झालं असं मनातसुद्धा आणू नको. तू काहीच केलं नव्हतंस. म्हणून तर मला झोप येईना. न केलेल्या गोष्टीवर मी रागावलो आणि हात घालवून बसलो.

दीड महिना शहादेवाच्या घरी पडून होतो. त्याची बायको रतनबाई मला घास भरवायची. पुढं डाव्या हातानं जेवू लागलो. पंगतीत लोक बघतात, म्हणून मी शेवटच्या पानावर बसतो. मोहनराव येऊन म्हणाले, "इलाज हुईपर्यंत ऱ्हा, मग गाडी जोडून देतो, तुमच्या मुलखाला जावा." माणूस वाईट नाही. पण मला ते झोंबलं. नाक्यावरच्या पावतीत लिहिल्याप्रमाणं चरक तर पोचला होता, आता सोबतच्या इसमाचं काय काम! मी म्हटलं, मालक, मी जाणार नाही. ते म्हणाले, "एका हातानं काय करशीला?" उत्तर शहादेवानं दिलं. म्हणाला, "हात गेला तर जाऊ द्या. नाक हाय का न्हाई? गूळ नाकाला कळतो, हाताला न्हाई."

त्या दिवसापासून काहिलीशेजारी बसलो. मळी काढायला डावा हात पुरतो. पाक कधी तयार झाला, हे शहादेवाला डोळे मिटून कळतं. उकळीचा आवाज जाड होतो, वास कच्च्या उसाचा जाऊन भाजल्यासारखा येतो, मग थेंब पाण्यात टाकून गोळी करून बघायची. माझ्या पहिल्या दोन काहिली बिघडल्या. एक चिकी राहिली, ढेप बसलीच नाही, आणि एक करपली. शहादेवानं माझ्या सात पिढ्या काढल्या. शिमग्याच्या आधीची शेवटची काहील त्यानं माझ्यावर सोडली आणि स्वतः पाठ करून बिडी ओढत बसला. मी "उतरवा" म्हणालो तेव्हा त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. ढेपा निघाल्या, त्या पिवळ्याधमक आणि खणखणीत. पुढच्या हंगामाला काहील माझी, चरकाची देखभाल माझी, असं मोहनरावांनी चार लोकांत सांगितलं. आता गावात मला उत्तरेश्वर गुळव्या म्हणतात.

राहायला माळवदाचं दोन खणांचं घर आहे. भिंती मीच सारवल्या, त्यावर एकाच हाताचे फरकाटे दिसतील, हसू नको. चूल घातलेली नाही. रतनबाई घालून देते म्हणाली. मी म्हटलं, जिची तिनं घालावी. त्यावर ती रोज विचारते, "तुजी बायकू कावून येत न्हाई रं? आमी काय माणसं खातो व्हय?"

हे सगळं तुला भुलवायला लिहिलेलं नाही. तुझी दया मला नको, आणि परत करमाळ्याला ये असं कोणी म्हणेल तर मी येणार नाही. माझी चार बोटं या मातीत पुरलीत, हा मुलूख आता मला परका नाही. मी इथंच राहणार आहे. तू आलीस तर आपण राहू. नाही आलीस तर मी राहीन. फक्त हात तुला पंचांसमोर एकदम दिसू नये, बापाच्या अंगणात, चारचौघांत. म्हणून आज लिहिलं. आता तुला माहीत आहे. महिनाभर आहे, विचार कर.

अक्षय्यतृतीयेला मी जेऊरला येतो. मामांनी पंच बसवावेत, माझी हरकत नाही. येताना मोहनरावांची गाडी जामखेडपर्यंत असेल. ती तिथं दोन दिवस थांबेल आणि मग पाटोद्यावरून, मांजरसुंब्याचा घाट उतरून परत येईल. गाडीत दोघांपुरती जागा मी मागून ठेवली आहे. तुझी तांब्यापितळेची भांडी आणलीस तर घासू नको, काळी असू दे, नाक्यावर नवी समजून महसूल मागतात. आणि कारकून काही लिहू लागला तर त्याला तुझं नाव मोठ्यानं सांग. तो नाही लिहिणार. तरी सांग.

आपल्यात रीत आहे, नवऱ्यानं पंचांसमोर काडी मोडायची, की बायको मोकळी. ती रीत मी मोडणार नाही. पंच देतील ती काडी मी घेईन. पण काडी मोडायला दोन हात लागतात, मुक्ता, आणि माझ्याजवळ एकच उरलाय. दुसरं टोक तुलाच येऊन धरावं लागेल.

दस्तुरखुद्द, डाव्या हातानं,
उत्तरेश्वर