खाल्लेली शेपटं

९ मार्च, नारिन

"उलार, शेपूट खाल्लंस परत!" बुरुलबाई आज वर्गासमोर. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ड आला की माझा ट होतो, ग चा क. आम्हा किर्गिझांची जीभच तशी — शेवट आला की गळा घोटते. 'बेड'चं 'बेट'. सगळा वर्ग तेच म्हणतो, हसं मात्र माझंच. मुलाखत घेणारा गोरा शेवटावरच कान ठेवून असतो म्हणे. पास झालो तर इंग्लंडात स्ट्रॉबेरी तोडायला. नाहीतर पुन्हा कुणाची तरी मेंढरं.

१२ मार्च

दांडी. नदीतला बर्फ फुटताना बघत बसलो.

१५ मार्च

नवीनच! 'पिक्ड' लिहायचं ड, म्हणायचं ट — 'पिक्ट'. म्हणजे जन्मभर केली ती चूक इथे बरोबर! आणि मी कालच ड म्हणायला शिकलो होतो. बाई म्हणाल्या, "शेवटाशी आलास की पळतोस तू. एक तरी गोष्ट तडीस नेलीस का रे?" शाळा, गॅरेज, बिश्केकची नोकरी... सगळं अर्ध्यातच सोडलेलं.

१९ मार्च

भिंतीवर खिळ्याला कापडात बांधलेला दादाचा नान. रशियाला निघताना आमच्या रीतीप्रमाणे त्याने एक घास चावला. उरलेला त्यानेच परत येऊन संपवायचा, तोवर कुणी हात लावायचा नाही. पार दगड झालाय. दादाचा फोनही कधीच बंद पडला. आई अजून कापड झटकते.

मी बडबडत होतो — बेड, रोड, ब्रेड. ती म्हणाली, "जायची एवढी घाई त्यालाही नव्हती."

२६ मार्च

पास! ड ला ड, ट ला ट, एक शेपूट सोडलं नाही. गोऱ्याने कागदावरून मान वर केली नाही. दुभाषा हसत म्हणाला, "शेतात बोलायला फुरसत कुणाला?" एवढ्यासाठी घसा फोडला!

४ एप्रिल

उद्या सकाळी निघायचं. आईने माझ्यासाठी नान भाजलाच नाही. मी चावू काय, विचारलं. ती चुलीत लाकडं सारत राहिली.

५ एप्रिल

आईने खिळ्यावरून दादाचा नान उतरवला. चहात भिजवून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "संपव. आता कुणाचीच वाट बघवत नाही मला."

मला न्यायला आलेली गाडी बाहेर हॉर्न देऊन देऊन निघून गेली. मी शेवटचा तुकडा संपवूनच उठलो.