गाठीखालचा फुटवा

बाबा, ‘खालून फुटलेल्यावर दया करायची नाही, बाय,’ असं तुम्ही मला सांगितलं होतंत. तेव्हा मी आठवी-नववीत असेन. मुलुंडच्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर, अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपातल्या गुलाबापुढे तुम्ही उकिडवे बसला होतात. दसरा होऊन गेलेला, छाटणी झालेली, मुळांवरची माती चार दिवस उन्हात उघडी ठेवलेली. कलमाच्या गाठीखालून एक कोवळा कोंब आला होता, इतका तजेलदार की मी म्हटलं, राहू दे ना. तुम्ही तो अंगठ्यानं पार मुळाशी ओढून काढलात. गाठीच्या वर आपला गुलाब, खाली जंगली खुंट. खालच्याला वाढू दिलं की तो वरच्याला उपाशी मारतो. एका देठावरची पानं मोजायची; पाच-पाच असली तर आपला, सात-सात दिसली की काढायचं. मला त्या दिवशी तुम्ही फार कठोर वाटला होतात.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही पवईच्या एका कॉलनीत माळीकाम धरलंत. तिथला जुना वाफा उखडायचं ठरलं, तेव्हा या गुलाबाचा डोळा ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलात आणि स्वतः खुंटावर बांधलात. गर्द लाल, जवळजवळ काळं फूल. वास असा की खाली आणताना जिन्यात दारं उघडायची. पहिलं फूल आलं ते डिसेंबरात. आई ओट्याशी भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही स्टीलच्या पेल्यात ते ठेवून पेला तिच्यापुढे सरकवता.

“आधी देवाक नको?” आई विचारते.

“देवाक देणारे खूप आसत. तुका कोण देतलो?”

आईनं पिठाच्या हातानंच पदर तोंडाला लावला आणि तव्यावरची भाकरी करपली. तेव्हापासून दर थंडीतलं पहिलं फूल तिचं.

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं होत आली. तुमच्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी कात्री घेऊन वर गेले आणि माझ्याच्यानं एक फांदी कापवली नाही. सगळ्यांवर तुमचा हात फिरलेला होता. मग खालून कोंब आले, सरसर वाढले, आणि मला वाटलं झाड पुन्हा उभं राहतंय. मी त्यांना काठ्यांचा आधार दिला. शेणखत घातलं, कांद्याच्या सालींचं पाणी घातलं. खताखाली गाठ केव्हा बुजली, पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या थंडीत नर्सरीवाल्याला वर आणलं. त्यानं हातानं माती उकरली, गाठीवरचं काळं पडलेलं खोड नखानं खरवडलं आणि म्हणाला, “ताई, कलम कधीच गेलंय. तुम्ही खुंटाला जेवण घालताय.”

आईला मी सांगितलं नाही. गुडघ्यांमुळे तिचं गच्चीवर जाणं आधीच बंद झालं होतं. डिसेंबर लागला की ती विचारते, “इला काय गो फूल?” आणि मी स्टेशनाबाहेरच्या फुलवाल्याकडे जाते. पहिल्या वर्षी त्यानं विचारलं होतं, “ताई, देवाला की माणसाला?”

“माणसाला.”

“मग काटे काढून देतो.”

“नको, काटे राहू दे.”

“भांडण झालंय वाटतं,” असं म्हणून तो हसला. मीही हसले. मग जिन्यात थांबून दांडा तुमच्यासारखा तिरका कापला, रबरबँड काढून पर्समध्ये टाकला आणि वरून उतरल्यासारखी धापा टाकत घरात शिरले. आईनं फूल नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं.

“वास कसो नाय गो?”

“थंडी कुठे पडते आता, आई.”

“होय. तेंच्या वेळेक पडायची,” ती म्हणाली आणि फूल पेल्यात ठेवलं. दरवर्षी हेच. तिला कळलंय की नाही, मला ठरवता येत नाही.

आता आपल्या बिल्डिंगला लिफ्ट बसलीय, थेट गच्चीपर्यंत जाणारी. काल आई म्हणाली, “रविवारी माका वर ने. यंदाचा फूल मीच तोडतलंय.” मी हो म्हणून बसले. आज सकाळी वर जाऊन आले. खुंट माझ्या डोक्याच्या वर गेलाय, हिरवागार, कळी एकही नाही. रविवारपर्यंत तो तोडून टाकावा आणि उशिरा छाटणी केली म्हणावं, असंही मनात आलं. कात्री लावली आणि काढून घेतली.

हे पत्र तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही. तो फोटो आई रोज पुसते. पण तुम्हाला एक सांगायला हवं. नर्सरीवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं, असं मी आई सोडून सगळ्यांना सांगत आले, स्वतःलाही. ते खरं नाही. पहिल्याच थंडीत मी पानं मोजली होती. सात होती. पण तुमच्या पिंपातून काहीतरी वर येत होतं, आणि ते माझ्या हातानं उपटायचं मला जमलं नाही.

तुम्ही नाहीच म्हणणार. जिनं केलं तिनंच सांगायचं, असं म्हणून पाठ फिरवून पाणी घालायला लागाल. तरी विचारते. आईला हे तुम्ही सांगाल का?